सात वाजताची गळती

कडेवस्तीवर माणसं मोजायला डोकी मोजावी लागत नसत. हणमंतराव वाकळे सकाळी वीजफलकासमोर उभे राहत, दोन आकडे वाचत आणि सांगून टाकत, "आज एकतीस." पृथ्वीवरून कुणी नव्यानं आलं की बत्तीस, कुणी परतलं की तीस. एकदा तर त्यांनी नाश्त्याला बसता बसता जाहीर केलं, "हायेत एकतीसच, पर एकाला ताप भरलाय." सगळे हसले. तासाभरानं भांडार सांभाळणाऱ्या शिंत्रेबाई कण्हत दवाखान्यात आल्या, तेव्हापासून वस्तीवर हणमंतरावांचा दबदबा बसला.

यात जादूटोणा काही नव्हता. चंद्रावर हवा नाही, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. पण चंद्राच्या दक्षिण ध्रुवापाशी अशी खोल विवरं आहेत, की त्यांच्या तळाशी ऊन कधी पोचलेलंच नाही, आणि तिथे बर्फ साठून राहिलं आहे. त्या बर्फाचं पाणी करायचं आणि पाण्यातून वीज सोडायची. पाणी फुटतं आणि प्राणवायू मोकळा होतो. माणूस जेवढा श्वास घेईल तेवढाच प्राणवायू श्वासयंत्र बनवतं आणि त्या मापानंच वीज खातं. साधारण माणसाच्या श्वासाला दोनशेवीस वॅट लागतात. थोराड माणसाला जास्त, किरकोळ बांध्याच्या माणसाला कमी, ताप आला की पुन्हा जास्त. वस्तीवर याला श्वासवीज म्हणत. तुम्ही उतरलात की पहिल्याच दिवशी तुमची श्वासवीज मोजून ओळखपत्रावर छापत, नावाच्या खाली आणि रक्तगटाच्या वर. एकदा छापली की ती कुणी पुन्हा बघत नसे.

मोजणंही सोपं. व्होल्ट म्हणजे तारेतल्या विजेला मागून बसणारा रेटा. अँपिअर म्हणजे त्या रेट्यानं प्रत्यक्ष वाहणारी वीज. दोहोंचा गुणाकार केला की वॅट मिळतात, म्हणजे वीज किती कामाला लागली ते कळतं. आणि व्होल्टना अँपिअरनी भागलं की ओहम, म्हणजे वाटेत अडवणूक किती ते कळतं. हणमंतराव पाटण तालुक्यात लाइनमन होते तेव्हापासून हा एक गुणाकार आणि एक भागाकार त्यांच्या जिभेवर होता. पावसाळ्यात खांबावर चढून भिजत दुरुस्ती केलेला हा माणूस वयाच्या पन्नाशीत चंद्रावर पोचला, तो याच दोन गणितांच्या जोरावर.

वस्ती विवराच्या कडेवर होती, कारण कडेला ऊन जवळजवळ बारमाही. तिथला सूर्य माथ्यावर येत नाही, क्षितिजाला धरून नुसत्या चकरा मारतो. त्या उन्हावर वीज तयार होई आणि एका जाड तारेनं चौदा किलोमीटर खाली, काळोख्या तळाशी असलेल्या बर्फखाणीला जाई. खाणीत फक्त यंत्रं होती. नऊ किलोमीटरवर, उतारावर, मधलं ठाणं होतं. दुरुस्तीसाठी राहणाऱ्या चार माणसांची एक दणकट खोली, वर्षभराचं शिधापाणी, तिचं स्वतःचं श्वासयंत्र, स्वतःचा हीटर आणि त्याच तारेवरून घेतलेली वीज, जिचा आकडा ठाणं रोज रेडिओवरून कळवी आणि तो हिशोबातून वजा होई.

बावीस महिन्यांपूर्वी उतार कोसळला. मधलं ठाणं तीस मीटर दरडीखाली गेलं. आत बाबूराव तांडेल होते, इक्बाल मुजावर होता, सुनंदा खैरमोडे होत्या. आणि सव्वीस वर्षांची मंजुळा होती, हणमंतरावांची एकुलती एक मुलगी. तिची आई ती लहान असतानाच गेली होती, त्यामुळे या बापलेकीला एकमेकांशिवाय कुणी नव्हतं. रेडिओचा खांब मोडून पडला होता. दरड पुन्हा पुन्हा सरकत होती, जवळ जाऊ देत नव्हती. बारा दिवस हाका मारून, कान लावून झालं, आणि तेराव्या दिवशी वस्तीप्रमुखांनी चौघांना मृत जाहीर केलं. तार मात्र पोलादी नळीत असल्यामुळे शाबूत राहिली आणि खाण चालू राहिली, याचं सगळ्यांनाच नवल वाटलं.

त्या गोंधळातही हणमंतरावांनी सातची नोंद चुकवली नाही. रोज सकाळी सातच्या ठोक्याला वरून किती वीज पाठवली आणि खाली किती पोचली ते आकडे वाचायचे, वजाबाकी करायची आणि नोंदवहीत लिहायचं, हे त्यांचं व्रत होतं. तारेच्या स्वतःच्या अडवणुकीपायी अठराशे वॅट वाटेत उष्णता होऊन जात, ते ठरलेलंच होतं. दरड कोसळली त्याच्या दुसऱ्या सकाळी त्याहून आठशे ब्याऐंशी वॅट जास्त गेले. डोळे पुसत हणमंतरावांनी लिहिलं, 'दरडीनं वेष्टण खरवडलं. गळती ८८२.' आकडा शंभर वॅटपेक्षा जास्त बदलला तर तारेला तीन झटके द्यायचे, असा नियम होता. झटका म्हणजे पाच सेकंद रेटा कमी करून पुन्हा पूर्ववत करायचा आणि सुरक्षेच्या कळा चालतात का ते बघायचं. फलकावर त्याचं एक बटणच होतं. त्यांनी ते तीनदा दाबलं, कळा ठीक होत्या, विषय मिटला.

गळती हा शब्द त्यांच्या हाडीमाशी खिळलेला होता. तालुक्यात ओले खांब, तारेला टेकलेल्या फांद्या, चोरून टाकलेले आकडे, सगळं धरून शंभरातले अठरा युनिट वाटेतच नाहीसे व्हायचे. गळती धरूनच चालायचं, हे त्यांना पहिल्या साहेबांनी शिकवलं होतं. इथली गळती दीड टक्का होती. तेवढ्यावर आणली असती तर तालुक्यात त्यांना शाल-श्रीफळ मिळालं असतं. पृथ्वीवरच्या कार्यालयाची मर्यादा पाच टक्के, त्यामुळे तिकडूनही कुणी काही विचारलं नाही.

पुढे ती आपोआप कमीच होत गेली. एकेचाळिसाव्या दिवशी सहाशे अठरा. सातव्या महिन्यात तीनशे पंचाण्णव. तेराव्या महिन्यात एकशे एक्याऐंशी. दरड दाबून बसत असणार, असं हणमंतरावांनी ठरवलं. दर वेळी नियमाप्रमाणे तीन झटके दिले आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'गळती घटली. समाधानकारक.' मधे वर्ष झालं तेव्हा त्यांनी पडद्यावर वाईच्या गुरुजींना बोलावून मुलीचं वर्षश्राद्धही करून घेतलं.

आणि मग डॉ. नंदिता पेडणेकर आल्या. अतिशीत पदार्थांचा अभ्यास करणाऱ्या या बाई थंडीत तार किती म्हातारी झाली ते तपासायला आल्या होत्या. आल्या दिवशीच त्या नोंदवही घेऊन बसल्या आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी हणमंतरावांना बोलावून घेतलं.

"तुमची वही फार सुरेख आहे," त्या म्हणाल्या. "पण एक जुळत नाहीये. वहीप्रमाणे वाटेत रोज एकशे एक्याऐंशी वॅट जास्तीचे जातात. महिन्याभराच्या एकूण विजेवरून काढलं, तर सरासरी सहाशे सत्तर जातात."

"यंत्राची चूक आसंल मॅडम. माझी वही चुकायची न्हाई."

"तेच मलाही वाटतंय, वही चुकलेली नाही." बाईंनी नोंदवही त्यांच्यापुढे सरकवली. "ही गळती जाते कुठे, हणमंतराव?"

"जमिनीत. दुसरं कुठं जाणार?"

"कुठल्या जमिनीत?"

हणमंतराव हसले. शिकल्यासवरल्या माणसांना कधी कधी अगदी साधं कळत नाही, हा त्यांचा जुना अनुभव होता. "हितल्याच की. तार खरवडली की वीज मातीत उतरती. आमच्याकडं पावसात खांबाला हात लावायची सोय नसायची."

"तुमच्याकडची माती ओली. ओलीत क्षार विरघळतात आणि त्यातून वीज वाहते. इथे अब्जावधी वर्षांत पावसाचा थेंब नाही. जिथे बर्फ आहे तिथे तेही उणे दोनशेला दगड होऊन बसलेलं. खांबावर चिनीमातीचे इन्सुलेटर लावायचात ना? हा अख्खा उतार त्याच जातीचा आहे. उघडी तार या मातीत पुरून ठेवली तरी वीज गळायची नाही. गळायला ओल लागते."

ही गोष्ट हणमंतरावांना ठाऊक नव्हती असं नाही. इथे येताना दिलेल्या पुस्तकात ती होतीच, परीक्षेत त्यावर प्रश्नही आला होता. पण पुस्तकातलं डोक्यात राहतं आणि तीस वर्षांची सवय हातात. त्यांच्या हातानं बावीस महिने पाटणची माती धरून गळती लिहिली होती.

"मग आकडा खोटा म्हणायचा?"

"आकडा खरा आहे. आपण त्याला नाव चुकीचं दिलंय." बाईंनी पडदा त्यांच्याकडे वळवला. तारेतल्या विजेची दर सेकंदाची नोंद यंत्र आपणहून ठेवत असे आणि चाळीस दिवसांनी पुसत असे. ती बघायचं कारण कधी कुणाला पडलं नव्हतं. पडद्यावर एक रेघ सरळ चालली होती, सहाशे एक्याऐंशीवर. मधेच तिला एक खोल खड्डा पडला होता. तिथे ती एकशे एक्याऐंशीवर उतरून मिनिटभर राहिली होती आणि पुन्हा वर गेली होती.

"हे कालचं. हे परवाचं. हे त्याच्या आदल्या दिवसाचं." बाई एकेक दिवस मागे जात होत्या. "दिवसभर पाचशे वॅटचं काहीतरी चालू असतं. ते रोज एकदा, एकच मिनिट बंद होतं. सात वाजता."

"सातला तर मी नोंद घेतो."

"हो. म्हणूनच तुमच्या वहीत फक्त त्या मिनिटाचे आकडे आहेत. दिवसभराचा आकडा तुम्हाला कधी दिसलाच नाही." त्यांचा आवाज खाली आला. "तुम्ही सातला नोंद घेता, हे मधल्या ठाण्यावर कुणाला माहीत होतं?"

हणमंतरावांनी वही मिटली. मंजुळा आठ वर्षांची असताना तालुक्याच्या उपकेंद्रात त्यांच्या शेजारी उभी राहून सातचे आकडे मोठ्यानं वाचायची. पाचच्या जागी तिनं साडेपाच वाचलं, की ते तिला पुन्हा बघायला लावायचे.

"न्हाई," ते म्हणाले. "बावीस म्हैनं झालं मॅडम. श्राद्ध केलंय मी तिचं."

"मी काहीच म्हणत नाहीये अजून. उद्या सातला बघू. दगड असेल तर दगडासारखा वागेल."

बाईंनी आणखी समजावलं ते असं. दगडाची, धातूची, कुठल्याही जड वस्तूची अडवणूक ठरलेली असते. रेटा कमी केला की तिच्यातून वीजही त्याच प्रमाणात कमी वाहते. भागाकार तोच राहतो. श्वासयंत्राचं तसं नसतं. त्याला प्राणवायू बनवायला ठरावीक वॅट लागतातच. रेटा कमी मिळाला तर ते जास्त अँपिअर ओढून घेतं आणि गुणाकार राखतं. गुदमरणारा माणूस जसा जोरानं श्वास ओढतो, तसं.

दुसऱ्या दिवशी सातला दोघंच फलकासमोर होते. सातच्या ठोक्याला आकडा पाचशेनं खाली आला. हजार व्होल्ट, आणि वाटेत जास्तीची जाणारी वीज शून्य पूर्णांक एकशे एक्याऐंशी अँपिअर. बाईंनी भागाकार केला, साडेपाच हजार ओहम. "द्या झटका," त्या म्हणाल्या, आणि हणमंतरावांनी बटण दाबलं. रेटा नऊशेवर उतरला. दगड असता तर वीज शून्य पूर्णांक एकशे त्रेसष्ठवर यायला हवी होती.

ती वाढली. शून्य पूर्णांक दोनशे एक.

"साडेचार हजारांच्याही खाली आले ओहम," बाई पुटपुटल्या. "गुणाकार तोच. एकशे एक्याऐंशी."

हणमंतरावांनी नियमाचे उरलेले दोन झटकेही दिले. दोन्ही वेळा तेच झालं. मिनिट संपलं आणि खालचा हीटर पुन्हा सुरू झाला. मग जे घडलं ते बाईंच्या कुठल्याच सिद्धांतात नव्हतं. हीटर बंद झाला. सुरू झाला. पुन्हा बंद, पुन्हा सुरू. तीनदा. त्यानंतर रेघ सहाशे एक्याऐंशीवर सरळ चालू लागली.

बाईंनी चौघांची ओळखपत्रं पडद्यावर काढली. तांडेल, दोनशे चौसष्ट. मुजावर, दोनशे तेवीस. खैरमोडे, दोनशे चौदा. वाकळे मंजुळा हणमंत, एकशे एक्याऐंशी. चौघांची बेरीज आठशे ब्याऐंशी.

पुढची वजाबाकी त्यांनी केली नाही. हणमंतरावांनी केली. वही पुढ्यात ओढून त्यांनी एकेचाळिसावा दिवस काढला. आठशे ब्याऐंशीतून तांडेल गेले की सहाशे अठरा. सातवा महिना, मुजावर गेला की तीनशे पंचाण्णव. तेरावा महिना, खैरमोडे गेल्या आणि एकशे एक्याऐंशी उरले. तिन्ही ठिकाणी त्यांच्याच वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'समाधानकारक.' हीटर-दिवा बंद करून, काळोखात, कडाक्याच्या थंडीत, त्यांच्या मुलीनं रोज त्यांना निव्वळ श्वासांचा आकडा पाठवला होता. आपला बाप विजेवरून माणसं मोजतो, हे तिला माहीत होतं. आणि वस्तीवर कुणाला ताप आला तेही ओळखणाऱ्या बापानं तो आकडा गळती म्हणून बावीस महिने लिहिला होता. हणमंतराव मोठ्यानं रडू लागले.

खोदकामाला अकरा दिवस लागले. या वेळीही दरड सरकली, दोनदा यंत्र गाडलं गेलं, पण कुणी थांबलं नाही. जेवणघरातल्या पडद्यावर हीटर-दिव्याचे पाचशे वजा करून उरणारा एकच आकडा लावून ठेवला होता. झोपेत तो एकशे पन्नासवर जाई, तेव्हा जेवणारे हातातला घास हातातच ठेवत. पुन्हा चढला की जेवण पुढे सुरू होई.

आठव्या दिवशी बारीक छिद्र आतपर्यंत पोचलं आणि त्यातून फोनची तार सोडली. बराच वेळ नुसती खरखर आली. मग अगदी शांत आवाज आला.

"आबा? सात वाजायला वेळ आहे ना अजून?"

"मंजू," हणमंतरावांनी फोन दोन्ही हातांनी धरला. "मंजू, आलोय गं आम्ही."

"मला कळलं होतं. दर वेळी मी आकडा कमी पाठवला की तुम्ही रेटा तीनदा हलवून पोच द्यायचात, श्वासयंत्राची घरघर बदलायची. मागल्या आठवड्यात माझा आकडा तोच होता, तरी हलवलेत. म्हटलं, आता निघाले. तांडेलकाकांना मी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, आबांचं उत्तर आलंय. चौघं आहोत, त्यांना कळलंय. दुसरं काही करायची गरज नाही, नुसतं थांबायचं."

हणमंतरावांनी फोन बाजूला धरला. डॉ. पेडणेकरांनी सगळं ऐकलं होतं.

"आत्ता काही सांगू नका," त्या दबक्या आवाजात म्हणाल्या. "तुम्ही मोजताय या भरवशावर ती जगलीये. तो भरवसा तीस मीटर खाली असताना काढून घेऊ नका."

"आन् वर आल्यावर?"

हणमंतरावांना पुढचं सगळं लख्ख दिसत होतं. मोजत होतो म्हणावं, तर तिघांना मरू देणारा बाप ठरायचं. नव्हतो म्हणावं, तर तिनं ज्याच्या आधारावर दिवस काढले ते सगळं खोटं ठरवायचं.

मंजुळा वर आली. हाडांचा सापळा झाला होता, पण जिवंत होती. चौथ्या दिवशी परिचारिका घाबरी होऊन हणमंतरावांकडे आली. म्हणाली, तुमची मुलगी सकाळी सातला उठते, हीटर बंद करते, दिवा बंद करते आणि मिनिटभर काळोखात बसते. विचारलं तर म्हणते, आबांना आकडा नीट दिसायला हवा.

पाचव्या दिवशी सातला हणमंतराव तिच्या खोलीत जाऊन बसले. खोलीला खिडकी नव्हती. मंजुळेनं हीटर बंद केला, दिवा बंद केला. एकमेकांचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

"आबा, तुम्ही मोजत होतात ना?" काळोखातून तिनं विचारलं.

"मोजत होतो."

"चौघं होतो तेव्हा चार?"

"व्हय."

"मग तीन?"

"व्हय गं."

"तांडेलकाकांचा पाय चिरडला होता. एकेचाळीस दिवस काढले त्यांनी. तुझा बाप हिशोबात चुकायचा नाही, येतोय बघ, असं मलाच धीर देत होते. इक्बाल तापानं गेला. खैरमोडेबाईंनी शेवटी शेवटी जेवणच सोडलं, माझ्यासाठी उरावं म्हणून. प्रत्येक वेळी तुम्ही पोच दिलीत. तीन गेले, तीन वेळा पोच दिलीत." तिचा आवाज चढला नाही. "मग आला का नाहीत?"

हणमंतरावांना ते सहन झालं नाही. त्यांनी सगळं सांगून टाकलं. गळती सांगितली, पाटणची ओली माती सांगितली, वहीतले शेरे सांगितले. शंभर वॅटचा नियम सांगितला आणि झटक्याचं बटण सांगितलं. "मला ठाऊक न्हवतं, मंजू. तुझ्या आईची शप्पथ. मी आकडा बघत हुतो आन् मला कायबी दिसत न्हवतं."

काळोखात पांघरूण ओढून घेतल्याचा आवाज आला.

"म्हणजे तिकडे कुणी नव्हतं," ती म्हणाली.

"मी हुतो की गं."

"बटण होतं." तिला आता कापरं भरलं होतं. "शेवटचे नऊ महिने मी एकटी होते, आबा. एकटी कुठली? सातला तुम्ही असायचात. खैरमोडेबाईंना पलीकडे झोपवून ठेवलं होतं, आणि सात वाजले की मी तुमच्याशी बोलत होते. तुम्हाला ठाऊक होतं आणि तुम्ही आला नाहीत, हे मला सोसेल. तुमचं तोंडसुद्धा बघणार नाही मी, पण सोसेल. तिकडे कुणीच नव्हतं, हे मला सांगू नका."

"मंजू..."

"मी पुन्हा विचारते. तुम्ही मोजत होतात ना?"

तीस वर्षांत एकही खोटा आकडा लिहिला नव्हता, याचा या माणसाला केवढा अभिमान होता.

"मोजत होतो."

"आम्ही जिवंत आहोत, हे ठाऊक होतं तुम्हाला?"

"ठाऊक होतं."

मिनिट संपलं. मंजुळेनं दिवा लावला, हीटर लावला आणि बापाच्या चेहऱ्याकडे नीट निरखून पाहिलं. तिचं कापरं थांबलं होतं.

"मग आला का नाहीत?" तिनं विचारलं.